तुझा शेवटचा ठाऊक पत्ता

प्रिय वेंडल,

आपल्या लग्नाच्या तोंडावर तू बापाशी भांडून ओक्लाहोमा सोडलंस, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "जाऊ दे त्याला. या जमिनीत दगडांशिवाय आहे काय!" म्हातारा वारला आणि वर्षाच्या आत त्याच जमिनीत तेल लागलं. त्याचं नशीबच तसलं. त्या तेलाच्या पैशातला, वारस म्हणून तुझा हिस्सा दर महिन्याला निघतो आणि घ्यायला कोणी नाही म्हणून आमच्या तेल कंपनीत पडून राहतो. असे बेपत्ता मालक हुडकणं हे माझं काम. बाकीच्यांना मी पगारासाठी शोधते.

तुला पाठवलेलं प्रत्येक पत्र परत आलं. आपल्याकडे हरवलेला माणूस शोधायचा तर मेअखेरीस कबरस्तानात जावं. कबरी साफ करायला सगळी भावकी जमते, आणि तळलेली कोंबडी खाता खाता कोण कुठे आहे ते कळतं. तुझी चुलतबहीण ओपल मला पाहिलं की सुरू होते, "आली बघा कंपनीची बाई! अगं, तेलाचा मालक शोधतेस की नवरा?" मी हसून बटाट्याचं सॅलड वाढून घेते.

यंदा मी सगळ्यांच्या आधी पोचले. तुझ्या आईच्या कबरीवरचं गवत कापलेलं होतं. लोणच्याच्या बरणीत रानफुलं होती आणि बरणीच्या गळ्याला गवताचे भारे बांधायची तार, उलटी पिळलेली. डावखुरा तू, तशीच पिळायचास; माझ्या फाटकावर तुझी एक गाठ अजून आहे. ओपलला काही सांगितलं नाही. गाडीत बसून पोटभर रडले.

आता कामाचं. राज्याने अशा पडून राहिलेल्या पैशांचा नियम बदलला. पूर्वी बरीच वर्षं थांबता यायचं, आता मुदत आखूड केली. नोव्हेंबरात तुझं नाव आणि पैसे राज्याच्या खजिन्यात जातील. पैसे बुडणार नाहीत, तू कधीही माग, तुला मिळतील. आमचे साहेब म्हणाले, "लोरीन, सुटलीस एकदाची."

पण तुझं नाव गेलं की तुला शोधायचं माझं निमित्तही जाईल. मला तू हवा आहेस, वेंडल, आणि हे कामाच्या आडून म्हणायची सोय आता संपतेय. नियमाप्रमाणे तुझा एक फोन किंवा एक सही आली, तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ऑक्टोबरात तुझ्या आईच्या वाढदिवसाला तिच्या कबरीवर येशील असं वाटतं, म्हणून हे पत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बरणीखाली ठेवतेय. दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. फोन करवला नाही, तर निदान नवी तार उलटी पिळून जा. राज्य ती गाठ सही म्हणून धरणार नाही. मी धरीन.

अजूनही तुझीच,
लोरीन