गुडघा दुखतो, असं तुम्ही सांगितलंत

बाई, आठवी ते दहावी पोलादपूरला तुमच्या खोलीवर राहिलेली ती मुलगी मी. आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून रोज शाळेत येणं जमणारं नव्हतं. वडील माझं नाव काढायला आले, तेव्हा तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, "माझ्याकडे राहू दे तिला. दोन भांडी घासेल, अभ्यास करेल." आज मी पन्नाशीला आले आहे. म्हणजे तुमच्याहून मोठी झाले. तुम्ही गेलात तेव्हा फार तर बेचाळीस-त्रेचाळीसच्या असाल.

तुम्ही आम्हाला शास्त्र शिकवायचात. कुणाचे डोळे पिवळे दिसतात, कुणाची नखं पांढरी पडलीत, कोण पायरी चढताना धापा टाकतं, सगळं तुमच्या ध्यानात यायचं. मला फळ्यावरचं दिसत नाही हे आमच्या घरात कुणाला कळलं नव्हतं. खरं तर मलाच कळलं नव्हतं. जगाला असंच दिसतं असं मी समजत होते. तुम्ही मला महाडला नेऊन चष्मा करून दिलात. परतताना एसटीच्या खिडकीतून झाडाचं पान न् पान सुटं दिसलं आणि मी ओरडलेच. तुम्ही तेव्हा तोंडाला पदर लावून हसलात. तुम्हाला तसं हसताना मी तीन वर्षांत दोनदाच पाहिलं.

दहावीच्या वर्षी तुम्ही वरच्या फळीवरचे डबे मला काढायला सांगू लागलात. पोळ्या लाटायचं कामही माझ्याकडे आलं. आणि रविवारी आपण सवला जायला लागलो, गरम पाण्याच्या कुंडावर. तुम्ही लुगड्यासकट पाण्यात उतरायचात, गळ्यापर्यंत, आणि डोळे मिटून बसायचात. मी पायरीवर तुमचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन बसलेली. गंधकाच्या उग्र वासाच्या त्या वाफेने माझा चष्मा सारखा धुरकट होतो, मी तो पुसते, पुन्हा घालते. शेजारच्या बाया विचारतात, "काय दुखतं गो तुमचं?" तुम्ही सांगता, "गुडघा." मला नवल वाटायचं. गुडघा दुखणारी बाई खोलीवर येऊन पाटावर मांडी घालून कशी बसते?

मग ती सकाळ. स्टोव्हवर दूध ठेवलेलं, तुम्ही पाठमोऱ्या, आणि वळलात तेव्हा पोलक्यावर डाव्या बाजूला ओला डाग. रक्ताचा नव्हता, रक्त मिसळलेल्या पाण्याचा असावा तसा. मी म्हटलं, "बाई, हे काय झालं?" तुम्ही पदर ओढलात. "दूध उतू जातंय तिकडे बघ." दूध उतू जात नव्हतं. संध्याकाळी मला समोर बसवून तुम्ही शांतपणे म्हणालात, "जे पाहिलंस ते कुणाजवळ बोललीस, तर उद्यापासून इथं राहायचं नाही." मी मान हलवली. मी गप्प राहिले, बाई, पण ते तुमची लाज राखावी म्हणून नव्हे. खोली गेली असती तर शाळा गेली असती, आणि परीक्षा तोंडावर आली होती. परीक्षा झाली, तुम्ही भावाकडे निघून गेलात. दिवाळीनंतर कळलं की तुम्ही वारलात. कावीळ झाली होती म्हणाले. मी कुणालाच काही बोलले नाही.

पुढे मी अंगणवाडीत लागले, तुम्ही करून घेतलेल्या दहावीवर. मुलांची वजनं करते, बायांना लोहाच्या गोळ्या देते. सेहेचाळिसाव्या वर्षी अंघोळ करताना डाव्या छातीत माझ्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, खडा असावा तशी नुसती होती. मी चार महिने कुणाला सांगितलं नाही. नवरा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी, तो गणपतीला आला आणि गेला, त्यालाही नाही. आणि एक दिवस रजा टाकून मी कुठं गेले असेन? सवला. लोकांना औषधपाणी सांगणारी मी त्या कुंडात गळ्यापर्यंत बसले. शेजारी एक म्हातारी होती. तिने विचारलं, "काय दुखतं गो तुझं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "गुडघा."

मी तशीच बाहेर आले. ओल्या केसांनी महाडची गाडी पकडली. चवदार तळ्याला एक फेरी मारली, दुसरी मारली, मग एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरले. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?" मी खरं सांगितलं. तुमच्यावर त्या दिवशी मला इतका राग आला होता, बाई. नखं बघून रक्त कमी आहे ओळखणारी बाई स्वतःच्या गाठीला गुडघा म्हणते!

मुंबईला सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. डावा स्तन काढला, मग केमो. केस उशीवर पुंजक्यांनी निघायचे. नवऱ्याच्या खोलीवर राहिले. तो कामावर शंभर माणसांचं जेवण रांधून यायचा आणि माझ्यासाठी वाटीभर पेज करायचा, मी ओकले की परत करायचा. पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा मी पाठ फिरवली. तो म्हणाला, "बघू दे मला. मलापन सवय व्हायला हवी." मग आम्ही दोघं रडलो.

बरी होऊन परत आले. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताई म्हणाल्या, "बायांना सांगा की तुमचं." देवळाच्या मंडपात वीस-पंचवीस जणी जमल्या आणि मला 'छाती' हा शब्द उच्चारता येईना. शेवटी मागून एक म्हातारी ओरडली, "अगो बोल ना, आमच्याकडं पन हाय तेच!" सगळ्या हसल्या आणि मला वाट मिळाली. तेव्हापासून वाड्यावाड्यांवर जाते. सांगते की सगळ्या गाठी वाईट नसतात, पण कुठली वाईट ते गरम पाण्याला कळत नाही. डॉक्टरलाच दाखवायची.

गेल्या वर्षी एकीने विचारलं, "शिकलेल्या बाया लगेच जात असतील ना? आम्ही आपल्या अडाणी."  मग मी तुमचं सांगितलं. नाव घेतलं नाही. कुंड सांगितलं, डाग सांगितला, माझं गप्प राहणंही सांगितलं.  बाया पांगल्यावर एक तिशीतली सून मागे राहिली. तिने मला हात धरून देवळामागे नेलं आणि म्हणाली, "मला हाय. घरात कुनाला ठाव नाय." दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन महाडला गेले. तिचाही कॅन्सरच निघाला, पण वेळेत. यंदा ती भाताच्या लावणीला चिखलात उभी होती. मला लांबून हाक मारली.

तुमचा शब्द मी मोडला, बाई. माफी मागावी असं वाटत नाही. तुम्हाला कुणी विचारणारं असतं तर तुम्हीही सांगितलं असतं, असं हल्ली वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलीशिवाय तुम्हाला विचारणारं कुणी नव्हतं.

हे पत्र मी कुठं पाठवणार? वाचून कपाटात ठेवीन. पण एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही, ती लिहून टाकते. माझी दरवर्षीची तपासणी दोन महिन्यांपूर्वी व्हायला हवी होती. आधी मी कापणी आहे म्हणाले, मग अंगणवाडीचा सर्व्हे म्हणाले. तसं काही नाही. मी घाबरले आहे.