पोपटाचा दुसरा डोळा

आबा, परवा माझी लेक, तुमची लाडकी नात, सासरहून, राहू गावाहून आली आणि पिशवीतून तिच्या लग्नातलं बाशिंग काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं. तुमच्या हातचं शेवटचं. भेंड पिवळं पडलंय, कडेच्या कळ्या गळाल्यात, पण दोन्ही पोपट शाबूत आहेत, चोचीला चोच लावून बसलेले. ती गेल्यावर कागद घेऊन बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो. हेही मीच वाचीन, मनातल्या मनात.

त्या उन्हाळ्यातलं आपलं मांडवगणचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. ओसरीवर वारं फार, म्हणून तुम्ही आत खिडकीखाली पोतं टाकून बसलेले. तळ्याकाठच्या भेंडाची कांडी म्हणजे नुसता पांढरा मऊ गर, हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटत नाही. तुम्ही सुरी टेकवून ती हळूहळू फिरवता आणि तिचा कागदाहून पातळ पापुद्रा न तुटता सुटत जातो. पंखा लावायची बंदी. ऐन वैशाखात आम्ही घामानं निथळतोय, आणि लेक भाकरीसुद्धा जपून थापतेय, पीठ उडून रंगात पडू नये म्हणून. मी सकाळची शाळा करून यायचो आणि मुलांना शिकवलेली कविता तुमच्यासमोर बसून पुन्हा म्हणायचो. तुमची सुरी माझ्या चालीवर चालते असं मला वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर मान वर न करता म्हणालात, "तू कडवं इसरतूस तवा माजी सुरी अडती. पाठ करून येत जा."

त्या वर्षी तुमचा हात थरथरायला लागला होता. दौंडच्या दुकानात थर्माकोलची, चमकी लावलेली बाशिंगं तयार मिळत होती. मीच भीतभीत विचारलं, आणू या का. "नातीच्या कपाळाला दुकानातलं? आन् मी काय मेलोय व्हय?" चुलीजवळून लेक हसली. "आबा, नवरदेव गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय, बिगीबिगी हात चालवा." "त्येला म्हनावं, गुडघा दमानं घे. माजा पोपट रुसला तर लगीन ऱ्हाईल तसंच." आणि तुम्ही मनगट मांडीवर दाबून धरत एकेक पीस कोरत राहिलात.

आपल्या घरची रीत तुमच्या वडिलांपासूनची. पोपटाला डोळा कारागिरानं काढायचा नाही. तो लग्नाच्या सकाळी नवरीच्या आईनं काजळानं लावायचा. डोळे लागले की पोपटांना वाट दिसते, नवरी जायला मोकळी. आपल्या पोरीची आई तर ती पाच वर्षांची असतानाच गेलेली. म्हणून त्या सकाळी मी म्हटलं, तिच्या मामीला बोलवतो. तुम्ही काजळाची डबी माझ्याच हातात दिलीत. "पोरीची येनी कोन घालत व्हतं? तूच ना? मंग डोळं बी तूच लाव."

एका पोपटाला डोळा लावला. गोल, नीट लागला. दुसऱ्यापाशी काडी नेली तेवढ्यात हळदीच्या पिवळ्या हातांनी ती दारात आली. "आप्पा, झालं का वो?" मी तिच्याकडं बघितलं. "झालं," म्हटलं, आणि डबी मिटली.

मांडवात विहीणबाईंच्या लक्षात आलंच. "आवो, ह्या एका पोपटाला डोळाच न्हाई की!" सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तुम्ही फेटा सारखा करत पुढं झालात. "झोपलंय ते, इहीनबाई. लग्नघरातलं पाखरू, रातभर जागलंय. तुमच्याकडं आलं की उठंल." मांडव हसला, अक्षता पडल्या. संध्याकाळी वऱ्हाडाची गाडी नदीपल्याड गेली. घरात आल्याबरोबर तुम्ही पंखा लावलात. महिनाभर साठलेला भेंडाचा चुरा साऱ्या स्वयंपाकघरात उडाला, आपल्या डोक्यांवर बसला. तो झटकायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तुम्ही म्हणालात, "एका डोळ्यानं बी वाट दिसती रं, बाबा." मग चहा केलात. साखर टाकायची राहिली होती. मी तसाच प्यालो.

लेक अजून सगळ्यांना सांगते, "आमचं आप्पा कवितेच्या नादात डोळा लावायचं इसरलं." मीही हसतो. परवा तिनं बाशिंगाशेजारी काजळाची डबी ठेवली. "आता तरी लावा, आप्पा. सासूबाई जाईस्तोवर इचारत व्हत्या, पाखरू उठलं का." मी म्हटलं, "हात थरथरतो गं, आबांसारखा. पुढच्या खेपेला बघू." तिनं माझा हात हातात घेतला आणि बाशिंग इथंच ठेवून गेली.

हा कागद त्याच्याच खाली सारून ठेवतो. वाचता येत नसलं तरी माझं अक्षर तेवढं बघा, आबा. एकही रेघ हललेली नाही.