एका ओळीचा निकाल

हार्लन फोर्क
सोमवार, ३ ऑक्टोबर २०१६

प्रिय नोरीन,

पाकिटावरचं नाव पाहून तू हे पत्र न फोडताच टाकून दिलं नसशील, अशी आशा करतो. टाकलं असतंस तरी तुला बोल लावता आला नसता.

मी बरा आहे, अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाने बरं असावं तितका. माझ्या आयरीनला जाऊन मार्चमध्ये चार वर्षं झाली. तिचे टोमॅटोचे वाफे आता मीच बघतो. यंदा इतके आले की मला टोपली घेऊन येताना पाहिलं की शेजारी दार लावून घेतात. आपली ग्लेनिस चर्चच्या जेवणात भेटली. सेक्रेटरी होती तेव्हा जितकी तिखट होती, तितकीच अजून आहे. सगळ्यांसमोर म्हणाली, "जज्जसाहेब, झगा उतरवल्यावर अगदीच मूठभर दिसता हो तुम्ही!" सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या महिन्यात अपील कोर्टाच्या इमारतीत माझी तसबीर लावली. बावीस वर्षांच्या कारकिर्दीचा गौरव म्हणे. भाषणात कुणीतरी सांगितलं, चार हजारांवर निकाल दिले. टाळ्या झाल्या. त्यांतले किती एका ओळीचे होते, हे कुणी विचारलं नाही.

एका ओळीबद्दल तुला सांगायला नको, तरी लिहितो, नाहीतर पुढचं लिहायला हात धजणार नाही. 'खालच्या कोर्टाचा निकाल कायम.' संपलं. कारणं द्यायची नाहीत. आणि कारणंच नाहीत म्हटल्यावर आपल्या राज्यात वरच्या कोर्टाचं दारही बंद. खाली सह्या तीन न्यायाधीशांच्या, पण प्रकरण वाचणार एकच, ज्याच्या वाट्याला आलं तो. बाकीचे दोघे त्याच्या भरवशावर सही ठोकणार. मीही इतरांच्या भरवशावर शेकड्यांनी ठोकल्या.

लायल बेकमचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं होतं. १९९८चा ऑक्टोबर. धान्याच्या कोठाराला आग लागली, आत राखणदार जळून मेला, बेकमला जन्मठेप झाली. तू नवी वकील, प्रकरणं वाचून टिपणं काढणारी लॉ क्लार्क म्हणून माझ्याकडे लागून दोनच महिने झाले होते. सात पानांचं टिपण घेऊन आलीस आणि खुर्चीवर न बसताच बोलायला लागलीस. ज्युरीने बंद खोलीतून खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाला चिठ्ठी पाठवली होती, 'आरोपी साक्ष द्यायला उभा राहिला नाही, हे त्याच्या विरोधात धरायचं का?' आणि त्याने वकिलांना न बोलावता त्याच चिठ्ठीवर खरडलं होतं, 'तुमच्या अकलेने ठरवा.'

तू म्हणालीस, "सर, गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे. हे एका ओळीत उडवून चालणार नाही."

"अगं, माणूस दोषी आहे."

"असेल ना! मग पुन्हा खटला चालवला तरी दोषीच ठरेल. त्यात भ्यायचं काय?"

त्यात भ्यायचं काय, ते मी तुला सांगितलं नाही. आज सांगतो. तीन आठवड्यांनी मतपत्रिकेवर माझं नाव यायचं होतं: या न्यायाधीशाला ठेवायचं, हो की नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या विभागातल्या एका चांगल्या न्यायाधीशाला 'खुन्यांचा कैवारी' म्हणून रेडिओवरून झोडपून लोकांनी घरी बसवलं होतं. राखणदाराची विधवा रेडिओवर बोलायला लागली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी ती ओळ लिहिली. जज्ज पर्डीने कॉफीचा कप हातात धरून, उभ्या उभ्या सही केली. "काही विशेष?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही रे." लोकांनी मला सत्तर टक्के मतांनी ठेवलं.

इथवर तुला बहुतेक ठाऊक होतं किंवा तू ओळखलं असशील. आता जे गेली आठ वर्षं टाळत आलो ते.

२००८मध्ये वर्तमानपत्राने ती चिठ्ठी शोधून काढली. बातमीदाराचा मला फोन आला. मी म्हणालो, "तसं टिपण माझ्यासमोर आलंच नाही. क्लार्क नवीन होती." तुझं नाव घेतलं नाही, आणि तेवढ्यावर स्वतःला सभ्य समजलो. त्या वर्षी माझी क्लार्क कोण होती, हे इथल्या साऱ्या वकिलांना माहीत होतं. तुझं नाव तेव्हा न्यायाधीशपदासाठी गव्हर्नरच्या टेबलावर होतं. दुसऱ्याच आठवड्यात ते यादीतून गळलं. माझी मलाच लाज वाटते, नोरीन. टोमॅटो खुडताना वाटते, चर्चमध्ये वाटते.

आणि याहून वाईट एक आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक क्लार्कला मी हात वर करून शब्द द्यायला लावत असे: दालनातलं बोलणं दालनात राहील, न्यायाधीशाने मोकळं केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. तुझ्याकडे टिपणाची प्रत होती, हे मला माहीत होतं. ती एकदा दाखवली असतीस तर मी तोंडघशी पडलो असतो. पण तू शब्द मोडणाऱ्यांतली नाहीस, हे मी पुरतं ओळखून होतो. निवडणुकीच्या वेळी मी भ्यालो होतो. बातमीदाराशी बोलताना मला कसलीच भीती नव्हती.

गुरुवारी, तेरा तारखेला, बेकमचा अर्ज शिक्षामाफी मंडळासमोर आहे. तो आता एकसष्ट वर्षांचा आहे. मी शपथेवर लिहून दिलंय की सातही पानं मी वाचली होती, दोनदा वाचली होती, आणि ती बरोबर होती. एक प्रत वर्तमानपत्राला दिली, एक सोबत आहे. पर्डीला कळल्यावर त्याचा फोन आला. "म्हाताऱ्या, गाडलेली मढी कशाला उकरतोस?" मी म्हटलं, "बेकम जिवंत आहे." मंडळासमोर मी स्वतः उभा राहणार आहे. ते काय ठरवतील, सांगता येत नाही.

तुझी माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे आणखी एक ओझं तुझ्यावर पडेल. एकच गोष्ट माझ्या हातात आहे आणि ती अठरा वर्षं मी अडवून धरली. त्या शब्दातून मी तुला मोकळं करतो. मंडळासमोर, वर्तमानपत्रात, तुझ्या घरच्यांपाशी, वाटेल तिथे बोल. माझं नाव घेऊन बोल.

तू गप्प राहशील या भरवशावर खोटं बोललेला,

वेन्डेल ऑस्ट्रँडर