सड्यावरचा जोकर

८ नोव्हेंबर, शनिवार

नाक्यावर नवा विषय. सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या रस्त्यावर म्हणे जोकर दिसतो. तोंडावर मुखवटा, लाल केस, ढगळ झगा. दिवे लागायच्या सुमारास आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्याआडून निघतो आणि रस्त्यात उभा राहतो. बोलत नाही, हात लावत नाही, नुसता बघतो. दूधवाला स्कूटर टाकून पळाला.

लॅबमध्ये आज रक्त द्यायला आलेले सगळे हेच बोलत होते. सुई बघून पांढरे पडणारेसुद्धा. माझं काम सोपं झालं.

घरी नवऱ्याचं वेगळंच. अविनाश म्हणतो, बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून कोणीतरी चाळे करतंय. असेल. पण अनोळखी माणसाला असं घाबरवून घरी गेल्यावर, हातपाय धुऊन पानावर बसताना त्याला काय वाटत असेल? अविनाशला विचारलं. म्हणाला, भूक लागत असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जोकर वाढतोय. शनिवारी माणसाएवढा होता, आज सात फुटी झाला. एकीने सुरा बघितला, एकाने उलटे पाय. पोरं पळवणारी टोळी, असंही सुरू झालंय. बागेतल्या नेपाळी राखणदारांवर काहींचा डोळा. का, तर ते बाहेरचे. अरे, ते गेली कित्येक वर्षं तुमच्याच कलमांखाली झोपतायत.

संदीपने गस्त काढलीय. गॅरेजवाला संदीप, आमच्या मागच्या गल्लीतला. त्याची बहीण वैशाली काजूच्या फॅक्टरीत कामाला. बस हायवेवर सोडते, तिथून ती सड्यावरून चालत घरी येते. संदीप म्हणाला, मी रोज न्यायला येतो. ती नको म्हणाली. तिच्या धीराचं नाक्यावर कौतुक चाललं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बघितला.

आमच्या बिल्डिंगमधल्या शमीमच्या नवऱ्याचा कुवेतहून फोन लांबला, म्हणून आम्ही फिरायला उशिरा निघालो. उजेड होता अजून, समुद्राच्या बाजूला आभाळ तांबडं. वळणावर तो उभा. रबरी मुखवटा, पांढराफटक, ओठ कानापर्यंत फाटलेले. सात फुटी नाही. माझ्याएवढा, शिडशिडीत.

मी थांबले. खरं सांगायचं तर भीती आधी नाही आली, आधी बघतच राहिले. केस एका बाजूला कलले होते. वाटलं, आतून ह्याला दिसतं तरी का नीट?

शमीमने किंचाळून माझा दंड सोडला नि मागे पळाली. गटाराच्या कडेला पाय सरकला. हातावरच पडली. हीच शमीम, बिबट्याने कुत्रं उचललं तेव्हा दगड घेऊन त्याच्यामागे धावली होती.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. ती पडल्यावर जोकर एक पाऊल पुढे आला. हात असा पुढे केला. मग वळला आणि गडगा चढून गेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शमीमचं मनगट मोडलंय. प्लास्टर. तिला भात कालवून भरवला. हाताचं दुखणं निराळं, ती माझ्यावर रुसलीय. म्हणाली, "तू बघत काय उभी राहिलीस गो? तुला काही वाटलं नाही?"

काय सांगू. वाटलं, पण दुसरंच.

दुपारभर डोक्यात शिमगा. लहानपणी सोंगातला संकासुर दारात यायचा, काळाकुट्ट, उंच टोपी, कमरेला घुंगरं. आम्ही पोरं माच्याखाली लपायचो. आई हसत त्याच्या पाया पडायची. तोही घाबरवायलाच यायचा. पण तो येणार हे ठाऊक असायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस नांगर घेऊन जाताना दिसायचा. ह्या जोकराचा दुसरा दिवस कोणाला माहीत नाही. भीती तिथेच असेल का?

१९ नोव्हेंबर, बुधवार

गस्तीवाल्यांच्या हातात काठ्या आल्या. संदीपकडे लोखंडी सळी. पोरांच्या क्लासच्या वेळा बदलल्या. पोलिसांची गाडी येऊन गेली, अफवा पसरवू नका म्हणाले. लगेच अफवा उठली की पोलिसांनी जोकर बघितला.

गंमत म्हणजे लोकांना मजाही येतेय. एरवी दारं लावून टीव्हीसमोर बसणारे संध्याकाळी नाक्यावर जमतात, चहा होतो, न बोलणारी दोन घरं बोलायला लागली. शमीमला हे सांगितलं. ती म्हणाली, माझ्या हाडावर तुमची जत्रा भरलीय.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी बाहेर आरडाओरडा. जोकर पकडला, जोकर पकडला. अविनाशच्या आधी मी धावले. नाक्यावरच्या रिक्षास्टँडजवळ गर्दी, मधे एक माणूस खाली बसलेला. रंगीबेरंगी पायजमा, तोंडाला पावडर, नाकाला लाल चेंडू अडकवलेला, तो गालावर लोंबत होता. ओठ फुटलेला. त्याच्या पिशवीतले फुगे लोक पायाखाली फोडत होते. प्रत्येक फुग्याला गर्दी दचकायची आणि आणखी चिडायची.

पन्नाशीचा, बुटका, पोट सुटलेला.

मी ओरडले की हा तो नाही. मी जवळून बघितलाय, तो शिडशिडीत होता, मुखवटा होता. संदीप म्हणाला, "काकी, तुम्ही घाबरलेल्या होतात. तुम्हांला काय दिसणार?" दुसरा म्हणाला, मग हे दोघं असतील. त्यांच्यापुढे काय बोलायचं? मी सरळ जाऊन त्या माणसाच्या शेजारी खाली बसले. सुचलं ते केलं. लॅबवाल्या बाईला मारायचं कसं, म्हणून हात थांबले. मग अविनाश आला, बाकी दोघे-तिघे शहाणे आले, आणि पांगापांग झाली.

त्याला घरी आणलं. नाव कदम, संगमेश्वरच्या बाजूचा. वाढदिवसांना जोकर होऊन जातो, फुग्यांची कुत्री-ससे करून देतो. पुढच्या बिल्डिंगमधला वाढदिवस आटपून निघाला होता. ते लोक खाली उतरले नाहीत. खिडकीतून बघत होते.

जखम पुसताना तो हलला नाही. तक्रार नको म्हणाला. "पोरं हसतात म्हणून हे करतो, बाय. आज वायच उशीर झाला, म्हणून तोंड न धुताच निघालो." आरशात बघून स्वतःच राहिलेली पावडर पुसली. अविनाशने स्टेशनवर सोडलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कदमांचा व्हिडिओ सगळीकडे. 'सड्याचा जोकर अखेर जेरबंद'. खेडहून नणंदेने मलाच पाठवला. कडेला मी दिसते, खाली बसलेली. नणंद विचारते, तू पण मारलंस का?

त्या दिवसापासून जोकर दिसलेला नाही. त्यामुळे तोच होता हे सिद्ध झालं. संदीपचा सत्कार करायचं चाललंय.

कदमांना फोन केला. ठरलेले वाढदिवस लोकांनी रद्द केले. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवेना.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी वैशाली आली. संदीपची बहीण. कधी येत नाही, म्हणून वाटलं, रिपोर्ट दाखवायचा असेल. अविनाश झोपला होता. ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. म्हणाली, "ताई, त्या माणसाजवळ तुम्ही एकट्या बसलात. म्हणून तुम्हांलाच सांगते. तो मी होते."

गॅसवरचं दूध उतू गेलं. दोघींनी बघितलं, कोणी गॅस बंद केला नाही.

मग ती सगळं बोलली. दिवाळीत मोठ्या बहिणीकडे, भाच्याच्या वाढदिवसासाठी तिने तो मुखवटा मागवला होता. भाचा रडला, म्हणून तिच्या रोजच्या पिशवीत पडून राहिला. सड्याच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला रोज तिच्या चालीने गाडी चालवायचा. काही करायचा नाही, नुसता बाजूने यायचा, गाणं म्हणायचा. संदीपला सांगितलं असतं तर त्याने नोकरी सोडायला लावली असती. एके दिवशी मागून गाडीचा आवाज आला, तिने मुखवटा चढवला आणि वळून उभी राहिली. तो जो गेला तो परत आला नाही.

तिथे थांबायचं होतं, हे तीच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. झगा त्या बहिणीचा जुना गाऊन. ती म्हणाली, "रोज मी बाजूला व्हायची. त्या दिवसांत लोक बाजूला व्हायचे. मला ते आवडलं, ताई. दूधवाल्याने माझं काय वाकडं केलं होतं? तरी आवडलं."

मी विचारलं, शमीम पडली तेव्हा? म्हणाली, हात द्यायला पुढे आले, पण त्या तोंडाने कसा देऊ?

म्हणजे मी बघितलं ते बरोबर होतं. एवढ्यातही मला त्याचं बरं वाटलं. काय माणूस आहे मी.

तिने पिशवीतून मुखवटा काढला. म्हणाली, एकदा शेवटचा घालते, लांबून दिसते नि जाते. मग कदम सुटतील. मी तिचा हात धरला. तुझा भाऊ सळी घेऊन फिरतोय, तो मुखवटा काढून बघायच्या आधी मारेल. ती म्हणाली, माहीत आहे.

शेवटी इतकंच ठरलं की मुखवटा माझ्याकडे राहील. आणि आधी शमीमकडे जायचं.

२ डिसेंबर, मंगळवार

मुखवटा धान्याच्या डब्यामागे ठेवलाय. अविनाशला अजून बोलले नाही. तो अंघोळीला गेला असताना घालून बघितला. आत रबराचा वास, स्वतःचाच श्वास ऐकू येतो, आणि दिसतं अगदी थोडं. समोरचं फक्त. ती अशी उभी राहायची.

लगेच काढला. केस विस्कटले.

४ डिसेंबर, गुरुवार

वैशालीला घेऊन शमीमकडे गेले. वाटेत तिचे हात गार. मी मनात चार वाक्यं जुळवली होती, कसं सांगायचं, कुठे थांबायचं.

शमीमने दार उघडलं. वैशालीच म्हणाली, "भाबी, तुमचा हात माझ्यामुळे मोडला." माझी चारही वाक्यं फुकट.

शमीम माझ्याकडे वळली. "अलका, तू जा घरी. आम्ही बोलतो."

मला. तिची एवढ्या वर्षांची मैत्रीण, तिला भात भरवलेली. दार लागलं. जिन्यात थोडी रेंगाळले, काही ऐकू येईना. एकदा भांड्याचा आवाज आला, बस.

वैशाली बाहेर आली तेव्हा मी गॅलरीत होते. डोळे सुजलेले, हातात डबा. शमीमने डबा दिला म्हणजे काय समजायचं?

५ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी फिरताना शमीमला खोदून विचारलं. म्हणाली, "खूप बोलले मी तिला. नंतर तिने माझी वेणी घातली." पुढे काही नाही. माफ केलंस का म्हटलं, तर म्हणाली, हात अजून दुखतोय.

वळणापाशी आल्यावर ती माझ्या दंडाला धरून थांबली. रस्ता रिकामा. कलमांना मोहोर धरायला लागलाय, वास येत होता. शमीम म्हणाली, "तिने इथून रोज एकटीने यायचं आणि आपण दोघी मिळून फिरायचं. आपल्या कधी लक्षात आलं?"

नाही आलं.

वैशाली भावाला सांगणार आहे, एवढं तिने कबूल केलंय. कदमांना मीच कळवते म्हटलं, तर वैशालीने शमीमकरवी निरोप दिला की नको, ते मीच करणार.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी वैशाली लॅबच्या दाराशी आली. मुखवटा द्या म्हणाली. घालायला नाही, ती म्हणाली, दादापुढे ठेवायला. तो असा विश्वास ठेवणार नाही. घरी जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. सोबत येऊ का विचारलं. मान हलवली, नको.

दुपारी सुट्टी झाल्यावर गॅरेजवरून आले. एरवी माझी ती वाट नाही. शटर अर्धं खाली, भर दुपारी. बाहेर एक गाडी तशीच उघडी टाकलेली, हत्यारं जमिनीवर पसरलेली, त्यांतच ती लोखंडी सळी. शटरखालून चार पाय दिसत होते. संदीपचे ग्रीसने काळे झालेले बूट, समोर वैशालीच्या चपला, आणि मधे जमिनीवर तो मुखवटा. कोणी हलत नव्हतं.

चप्पल सारखी करायच्या निमित्ताने मी वाकले. आवाज नाही. ना रडण्याचा, ना ओरडण्याचा. मग संदीप काहीतरी बोलला, अगदी हळू. इतका हळू तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

शब्द कळले नाहीत. त्याचे बूट एक पाऊल पुढे सरकले. तिच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.

मी तशीच वाकून होते. पानवाला बघायला लागला, म्हणून निघाले.