फी माफ आहे म्हणून

रिठद,
बुधवार

प्रिय हरीओमदादा,

तुझा फोन आला की बाबा तो अंगणात स्पीकरवर टाकतात आणि आपलं बोलणं अर्ध्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

तुझ्या कॉलेजचे संस्थाचालक परवा घरी येऊन गेले. बारावीला नव्वदच्या वर मार्क पडले म्हणून मला इंजिनिअरिंगची फी माफ. बाबांना शाल-श्रीफळ दिलं आणि मला न विचारता फाट्यावर माझा फ्लेक्ससुद्धा लावला. त्यात मी इतकी गोरीपान दिसते की आईनेही आधी ओळखलं नाही. सगळं गाव पेढे मागतंय आणि मी चिडून बसले आहे.

मला इंजिनिअरिंग नकोच आहे, दादा. नागपूरला जाऊन भूगर्भशास्त्र शिकायचं आहे. पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तिथेच आपण बोअर घेतला आणि पाण्याऐवजी नुसता फुफाटा उडाला, आठवतं ना? जमिनीखाली काय आहे ते मला शिकून कळायला हवं. तिथे माफी नाही, पण कॉलेज सरकारी आहे. खोलीभाड्यासाठी मी शिकवण्या घेईन. बाबांचं मात्र एकच पालुपद: "फुकट भेटून राह्यलं त काहून सोडतं? तुह्या दादाले पाह्य!" फुकट मिळालं म्हणून ते कुणाचंही बियाणं वावरात टाकणार नाहीत. मग माझ्याच बाबतीत असं का? मार्क माझे आहेत, कॉलेजही मीच ठरवणार.

तुला तर इतिहास शिकायचा होता. शिरपूरच्या देवळात गेलो की तुला तिथून ओढून आणावं लागायचं. फी माफ झाली म्हणून तू मशीन शिकायला गेलास आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

तुझा रूममेट देवमन मला मानोऱ्याच्या स्टँडवर भेटला. दुसऱ्या वर्षी तुझे विषय राहिले, माफी गेली, आणि आता तू अकोल्यात मोबाईलच्या दुकानात बसतोस, हे त्याने सांगितलं. तुझा राग नाही आला रे, रडू आलं. घरी मी बोलले नाही आणि बोलणारही नाही. ते तुझं तू सांगायचं. पण येत्या मंगळवारी बाबा मला तुझ्याच त्या कॉलेजात नाव घालायला नेणार आहेत, तुझंच उदाहरण देऊन. सोमवारी घरी ये आणि त्यांना खरं काय ते सांग. नाही आलास तरी मंगळवारी मी नागपूरच्याच गाडीत बसणार. फक्त बाबांशी एकटीने भांडून नाही, तुला शेजारी घेऊन भांडून जायचंय मला.

तुझीच हट्टी,
निकिता