शेजारणीच्या पिंजऱ्यात

ताई,
तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

जेवण वेळेवर होतं. खोलीत एकटाच, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही. पोटातले जंतू आईकडून किती येतात आणि प्रतिकारशक्ती त्यांतले किती टिकू देते, हे इथे प्रयोगशाळेत उंदरांवर तपासतात. मी पिंजरे धुतो.

परवा एकटी ठेवलेली उंदरीण कोपऱ्यात बसलेली बघवेना, म्हणून शेजारणीच्या पिंजऱ्यात सोडली. डॉक्टरबाई कडाडल्या, "अरे शहाण्या, एकत्र राहिल्या की एकीचे जंतू दुसरीत जातात! चार महिन्यांचं काम पाण्यात!" मी उलट बोललो नाही, चूक कबूल केली. नोकरी टिकली, बाबांना सांग.

जिच्यापायी मारामारी करून कॉलेज सोडलं, ती दिसते का गं? माझं नाव काढू नकोस. नुसतं कळव, हल्ली डबा कुणाबरोबर खाते.

तुझाच,
धाकटा