कारखाना कोणाच्या नावावर

७ नोव्हेंबर
सकाळपासून कामावर कापडाचे ताके तपासतोय. ट्यूबलाइटखाली पांढरं कापड सरकतं, दोष दिसला की खडूची खूण. डोळे चुरचुरतात.
दुपारी वंदनाताईंचा फोन. त्या वकील आहेत, सुरतेतल्या आमच्या वस्तीत लोकांचे अर्ज लिहून देतात. निवडणुकीला आमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराची माहिती मराठीत एकेका पानावर छापणार आहेत. फक्त सरकारी कागदावरची, ऐकीव नाही. म्हणाल्या, "एक पान तू कर. तुझं लिहिणं चोख असतं."
मी : ताई, मी दहावी अर्धी सोडलेला.
त्या : कापडातला दोष काढायला कुठली डिग्री लागते रे?
हो म्हणून बसलो. नेमके माझ्या वाट्याला आले ते आप्पा. आमच्या गावचे, आमच्या भावकीतले. पूर्ण नाव इथेही लिहीत नाही. नुसतं आ.

९ नोव्हेंबर
सुट्टी टाकून निवडणूक कचेरीत. आ. चं प्रतिज्ञापत्र फलकावर लावलेलं. फोनवरही मिळतं, पण मला कागद बघायचा होता.
कारकून : तमे कोण? पार्टीना माणस?
मी : मतदार.
"मतदार तो मत आपे. वांचवा कोण आवे छे?" वाचायला कोण येतं म्हणे, आणि हसला. मी वाचत राहिलो. उभ्यानेच, वहीत उतरवून घेत.
व्यवसाय : शेती व समाजसेवा. फौजदारी खटले : निरंक. गावची जमीन आहे, दोन गाड्या आहेत, बायकोचे दागिने आहेत.
पांडेसरा भागातला चोवीस लूमचा (यंत्रमागांचा) कारखाना नाही. कुठेच नाही. दोनदा वाचलं.
नाना (वडील) त्याच कारखान्यात अठरा वर्षं लूम चालवतात. गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल तो आ. चा म्हणून.
नानांना काही बोललो नाही.

१० नोव्हेंबर
नाना डबा विसरून गेले, बरं झालं. डबा द्यायला म्हणून कारखान्यावर गेलो. दारावरच्या पाटीवर जीएसटीचा नंबर असतो, तो हातावर लिहून आणला. जेवणाच्या सुट्टीत जीएसटीच्या साइटवर टाकला. नंबर टाकला की मालकाचं नाव येतं, कोणालाही बघता येतं.
नाव आलं.
चुकीचा नंबर टाकला असेल म्हणून पुन्हा टाकला. एकेक आकडा बोटाने मोजून तिसऱ्यांदा टाकला.
नानांचं नाव. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट. प्रकार : एकल मालकी.
माझा डबा तसाच परत आणला. संध्याकाळपर्यंत किती दोष सुटले असतील देव जाणे.

११ नोव्हेंबर
एक धागा ओढला की पुढचा येतोच. आज कोर्टाच्या साइटवर नानांचं नाव टाकलं. तीनदा चुकीची अक्षरं पडली.
एक खटला आहे. कारखाना कायद्याखाली. गेल्या वर्षी त्याच कारखान्यात उत्तमला शॉक लागला, जागीच गेला. बाजूच्या गल्लीतला उत्तम, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लूमजवळची वायर उघडी होती हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनीच दोनदा सांगितलं होतं आ. ना.
आरोपी : मालक. म्हणजे नाना.
समन्स बजावणी झालेली नाही. साहजिक आहे. समन्स कारखान्याच्या पत्त्यावर जाणार आणि तिथलं टपाल आ. चा माणूस घेतो. पुढची तारीख २८ नोव्हेंबर.
म्हणजे आ. चं 'निरंक' खोटं नाही. त्यांच्यावर खटला नाहीच. तो माझ्या बापावर आहे.

१२ नोव्हेंबर
नानांना विचारलं. सकाळी, ते पाळीला निघायच्या आधी. माय चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी. फोन समोर धरला.
नानांनी फोन हातात घेऊन परत दिला. मग म्हणाले, "जीएसटी आला त्या साली आप्पानी सही मागी. मी दिधी."
"वाचलं नाही?"
"भाऊबंद शे तो. कानबाईले ज्यानासंगे रोट खादा, त्याले नही कसं म्हनानं?"
आमच्यात कानबाई देवीचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, बाहेरच्याला देत नाहीत. भाऊबंदांनीच खायचे. आ. दर श्रावणात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मांडी घालून बसतात, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. नानांना त्याचा किती अभिमान. त्याच ताटावर त्यांनी कागद पुढे केला होता. म्हणे, परका नको, घरातलाच माणूस हवा. माय म्हणाली, त्या दिवशी नानांनी पेढे आणले होते. मालक झालो म्हणून. कागदावरचे का होईना.
उत्तमच्या खटल्याचं सांगितलं तेव्हा भडकले. माझ्यावर! "आपला मानूस आमदार व्हई राहिना, आन् तू त्याना कागद उकरस?" डबा न घेता गेले.
आज मुद्दाम विसरले.

१३ नोव्हेंबर
वंदनाताईंकडे. सगळं सांगितलं. त्यांनी गोड बोलून फसवलं नाही हे बरं.
"तुझे नाना गप्प बसले तरी आरोपी तेच. बोलले तरी कोर्ट विचारणार, सही का केली. त्रास होईल. अटक होणार नाही असं मी सांगू शकत नाही."
मग एक वाट सांगितली. उमेदवाराने लिहिलेलं खरं नाही असं कोणी शपथेवर लिहून दिलं, तर तेही प्रतिज्ञापत्र त्याच फलकावर लावावं लागतं. साइटवरही चढतं. नाना देऊ शकतात.
"आणि तुला नको असेल तर ते पान मी दुसऱ्याकडे देते. बाप आहे शेवटी."
बाप आहे म्हणूनच देणार नाही, म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.

१५ नोव्हेंबर
आ. स्वतः आले. कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं असणार, मराठी पोरगा उतरवून नेतोय. सोबत दोघं, ते दारातच थांबले. आ. नेहमीच्या जागी, मांडी घालून.
"काय मास्तर, आमची परीक्षा घेताय म्हणे?"
मी वही मांडीखाली सरकवली.
"अरे, सुरतेत आपल्या माणसाला तिकीट मिळायला किती वर्षं गेली. आणि तुम्ही पोरं आपलेच पाय ओढा." मग नानांकडे बघून मला, "तुझ्या बापाला मी मालक केलं. तू त्याला परत कारागीर करायला निघालास?"
मायच्या हातातला कप बशीवर वाजला.
नाना खाली बघत होते. वाटलं, संपलं. आता हात जोडतील. तर म्हणाले, अगदी हळू, "आप्पा, कागदवर मालक मीच शे ना?"
"हो मग! कोण नाही म्हणतो?"
"मंग उद्या लूम बंद. सगळासले सुट्टी. वायर बदलनी शे."
आ. हसले. दारातले दोघंही हसले. नाना हसले नाहीत. मग आ. चं हसू एकदम गेलं. इतकं एकदम गेलेलं मी कोणाचं पाहिलं नव्हतं.
"लूमला हात लावून तर बघ."
"मंग मालक तुम्हीच. तेच लिखी देस."
चहा तसाच राहिला. आ. गेल्यावर नाना म्हणाले, "कथाय जानं पडस? त्या वकीलबाईकडे?"

१६ नोव्हेंबर
मजकूर मराठीत मी लिहिला, गुजरातीत वंदनाताईंनी केला. नाना म्हणाले, वाच. वाचला. पुन्हा वाच. मग म्हणाले, उत्तमचं नाव कुठे आहे? मी 'मृत कामगार' लिहिलं होतं. बदललं. नोटरी घड्याळ बघत होता. नाना तिसऱ्यांदा ऐकून मग सहीला बसले. वेळ घेतला. जीभ दातात धरून सही करतात ते.
कचेरीत : साहेब मिटिंगमां छे. मग : साहेब जमवा (जेवायला) गया. मग : काले आवजो, उद्या या.
वंदनाताई बाकावर बसल्या आणि पिशवीतून शेंगा काढल्या. "आम्ही इथेच आहोत, भाई. तुम्ही खाणार?" कारकुनाने दोन शेंगा घेतल्या आणि पावणेपाचला शिक्का मारला. पोच माझ्या खिशात. दर पाच मिनिटांनी चाचपतोय.

१८ नोव्हेंबर
छाननी. आ. चा अर्ज मंजूर. खरं-खोटं ठरवणं आमचं काम नाही, कोर्टात जा, असं साहेब म्हणाले. माहीत होतंच.
पण फलकावर आ. च्या कागदाशेजारी नानांचा कागद आहे. चार टाचण्या. लोक वाचत होते. एक म्हातारा दुसऱ्याला वाचून दाखवत होता.

२१ नोव्हेंबर
नाना रोज पाळीच्या वेळेला कारखान्याच्या दारावर जातात. आत घेत नाहीत. म्हटलं, कशाला जाता? "काढेल नही शे माले. मालकले कोन काढी?" थोडा वेळ उभे राहतात, ओळखीचे पुढे बघत आत जातात. एकाने आज हळूच तंबाखू दिली म्हणे.
आमच्या गाववाल्यांच्या मंडळाच्या फोनवरच्या ग्रूपमधून मला काढलं. त्याआधी कोणीतरी लिहिलं, 'घरभेदी'. मी कामावर असतानाच आ. च्या माहितीचं पान छापून आलं. एकही चूक नाही. माझ्यासोबत ताके तपासणाऱ्या बायकांनी दोन मागून घेतली.

२५ नोव्हेंबर
उत्तमची बायको आली होती. बसली नाही. नानांना म्हणाली, "वर्षभर मी तुम्हालाच शिव्या देत होते काका. खटल्याच्या कागदावर तुमचं नाव होतं." नानांनी मान हलवली. म्हणाले, देत जा.
ती २८ ला कोर्टात येणार आहे.

२७ नोव्हेंबर
समन्स आलेलं नाही तरी उद्या नाना जाणार. वंदनाताई म्हणतात, स्वतःहून हजर झालेलं बरं. जामिनाचे कागद तयार ठेवलेत.
दुपारी सराव घेतला. मी न्यायाधीश, माय बाजूला हसतेय.
"कारखाना कोणाचा?"
"आप्पाना."
"तुम्ही तिथे काय करता?"
"लूम चालावस. अठरा वरीस."
"वायरीचं कोणाला सांगितलं?"
"आप्पाले. दोन डाव."
"मग कागदावर सही का केली?"
मी पेन घेतलं. म्हटलं, हे नीट लिहून देतो, पाठ करा. दोन ओळी लिहिल्यासुद्धा. दबाव, अज्ञान, विश्वास असे शब्द.
नानांनी वही बंद केली.
"हाई तू लिखू नको. हाई मी सांगसू."
काय सांगणार विचारलं. सदऱ्याला इस्त्री करत होते. इस्त्री न थांबवता म्हणाले, "पेढा आनेल व्हतात, ते बी सांगसू."